पाद्रीणबाई निळी झाली

कालव्याच्या काठानं मंडळी निम्मी वाट चालून आली, तरी वियार्ड रस्त्याच्या पलीकडच्या कडेनंच चालत होता. बाकी सगळ्यांच्या गळ्यात दोरीला बांधलेले चिमुकले पेले लोंबत होते. हातगाडीत बाटल्या खुळखुळत होत्या आणि जरा कुणी रेंगाळला की त्याचा पेला भरला जात होता. वियार्डच्या गळ्यात पेला नव्हता. सकाळी जमताना त्यानं कुणाच्या हातात हातही दिला नव्हता, लांबूनच "मॉइन" असा नमस्कार करून खिशात हात घातले होते ते अजून तिथंच होते.

"अहो शिस्तमास्तर!" गाडी ओढता ओढता हाबो ओरडला. "आज स्वतःलाच क्वारंटाइनमध्ये टाकलंत की काय?"

सगळे खो खो हसले. साप पाळणाऱ्यांच्या त्या मंडळात याहून मोठा विनोद नव्हता. वियार्डही हसला, पण नुसत्या ओठांनी. गेशेनं ते पाहिलं. चाळीस वर्षं हा माणूस तिच्या घरी रविवारचा चहा प्यायला येत होता. त्याचं हसणं कुठून येतं हे तिला ठाऊक होतं.

गेशे स्वतः काही साप पाळणारी नव्हती. पाळायचा तो तिचा नवरा, रेम्ट. गेल्या वसंतात तो गेला. थंडी पडून कुरळ्या कोबीच्या पानांना गोडी आली की मंडळाची ही पायपीट निघायची, आणि फ्राउकेच्या खानावळीत भाजी-सॉसेजच्या ताटावर संपायची. यंदा येणार नाही म्हणून गेशेनं सांगून पाहिलं होतं. हाबो दारात येऊन म्हणाला, "म्हणजे रेम्टची खुर्ची रिकामी ठेवून आम्ही गिळायचं? चल मुकाट्यानं. मोजे जाड घाल." मग ती आली.

वियार्ड हा कालव्याच्या दरवाजांचा राखणदार. त्याच्या आधी त्याचा बाप होता. बोट आली की खालचा दरवाजा उघडायचा, बोट मधल्या कोठीत घ्यायची, दरवाजा लावायचा, पाणी चढू द्यायचं आणि मगच वरचा उघडायचा. दोन्ही दरवाजे एकदम उघडे कधीही नाहीत. हे त्याच्या हाडीमांसी इतकं मुरलेलं की चहाला आला तरी अंगणाचं फाटक लावल्याशिवाय घराच्या दाराला हात लावत नसे. रेम्ट त्यावरून त्याला छळायचा, "ये रे बाबा, पाणी चढलंय!"

लग्न त्याचं राहूनच गेलं. आई अंथरुणाला खिळली, तिचं करता करता केस पांढरे झाले. पहिला साप घरात आला तो बिस्किटाच्या डब्यातून. एका बोटवाल्याला तो नकोसा झाला होता. पोरगा डबा उघडून दाखवतोय म्हटल्यावर म्हातारी उशीवरून म्हणाली, "बोलत नाही, भांडत नाही, आठवड्याला एक उंदीर. सुनेपेक्षा स्वस्त. राहू दे." ती गेली तेव्हा घरात सात-आठ साप होते. पुढे किती झाले ते त्याचं त्यालाच ठाऊक, पण एकाही काचेवर कधी डाग दिसला नाही.

मंडळात त्याचा एक नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. घरचे आधी, पाहुणे शेवटी. नवा साप आणला की त्याला वेगळ्या खोलीत ठेवायचं. त्या खोलीला सगळे पाहुण्यांची खोली म्हणत. निदान अर्धं वर्ष तो तिथंच. त्याचा चिमटा वेगळा, पाण्याची वाटी वेगळी, त्या खोलीत जायच्या चपला वेगळ्या. आधी घरच्या सापांचं सगळं उरकायचं, मग पाहुण्यांकडे जायचं, आणि त्या दिवशी पुन्हा घरच्यांकडे फिरकायचं नाही. सुरुवातीला तोंडातला ओलावा कापसावर घेऊन तपासणीला पाठवायचा, काही महिन्यांनी पुन्हा पाठवायचा. एकदा निकाल निर्दोष आला म्हणून हुरळून जायचं नाही. काही रोग घुम्यासारखे बसून राहतात.

दोन वर्षांपूर्वी हाबोच्या सापांना गोचिडीसारखे बारीक किडे झाले, तेव्हा वियार्डनं त्याला मंडळाच्या प्रदर्शनाच्या दारातून परत पाठवलं होतं. सगळ्यांदेखत. हाबो ते विसरला नव्हता, म्हणून तर शिस्तमास्तर.

रेम्टचं वेड मात्र एकाच जातीचं. हिरवे अजगर. झाडाच्या फांदीवर वेटोळं घालून, मधोमध डोकं ठेवून बसणारे. दुधाचा टँकर चालवून घरी आला की जेवणाआधी तळघरात. कुणाची आई कोण, बाप कोण, आजा कोण, सगळं त्याच्या जिभेवर. गेशे दर रविवारी चर्चमध्ये जाणारी बाई. ती वरून जिन्यावर उभी राहून म्हणायची, "देवा, तुझीच लेकरं आहेत, कबूल. पण माझ्याच तळघरात का?"

होता होता ते घराणं आटलं. काही मेले, काही दुसऱ्यांकडे गेले. शेवटी उरली एकच मादी. ती फांदीवर अशी बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे अशी बघायची, की पहिल्या बाकावर बसून कोण उशिरा आलं ते टिपणारी पाद्रीसाहेबांची बायकोच आठवावी. रेम्टनं तिचं नाव ठेवलं पाद्रीणबाई. खऱ्या पाद्रीणबाईंच्या कानावर ते गेलं आणि गेशेला महिनाभर मान वर करता आली नाही.

दोनदा रेम्टनं तिला नर आणून दाखवला. तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. मग तो आजारी पडला. इस्पितळात वियार्ड उशाशी बसलेला असताना रेम्ट म्हणाला, "तिची एक तरी वीण बघ रे. एक तरी." गेशे खिडकीपाशी उभी होती. तिला राग आला होता. इतक्या वर्षांच्या बायकोसाठी शेवटी काही नाही, आणि सापासाठी आहे! नंतर घरी आल्यावर तिला कळलं, की ती निभावून नेईल याची त्याला खात्री होती म्हणून तो बोलला नव्हता.

उन्हाळा सरता सरता तिनं पाद्रीणबाईला स्वतःच्या लग्नातल्या भरतकामाच्या अभ्र्यात घालून वियार्डच्या हाती दिलं. तळघर घासून धुतलं. राहिली फक्त रेम्टनं जुन्या फ्रिजपासून केलेली अंडी उबवायची पेटी. ती जड होती, आणि त्याच्या हातची होती. गेशेनं तिच्यात मुरंब्याच्या बरण्या लावल्या आणि देवाला सांगितलं, आता या घरात साप नको.

पाद्रीणबाईलाही वियार्डनं पाहुण्यांच्या खोलीतच ठेवलं. गेशेला ते लागलं.

"माझ्या घरचं जनावर काय रोगट आहे?"

"गेशे, खुद्द सेंट पीटरनं आणून दिलं असतं तरी अर्धं वर्ष."

शरदातल्या बाजारात त्यानं एक नर घेतला. हिरवाच, अंगावर पांढरे ठिपके असलेला. तोही पाहुण्यांच्या खोलीत, दुसऱ्या टोकाला. आणि नाताळ उलटल्यावर एक दिवस त्याचा फोन आला. नेहमी चार शब्दांत बोलणारा माणूस, त्याला धाप लागली होती. "गेशे, ये. लगेच ये. ती निळी झाली."

पोटात अंडी राहिली की त्या जातीच्या काही माद्या रंग बदलतात. काचेपलीकडे पाद्रीणबाई दिव्याच्या उबेत बसली होती, आणि तिच्या पाठीवर हिवाळ्यातल्या पहाटेच्या आभाळासारखी निळाई उतरली होती. गेशेला सापांची कधी माया आली नव्हती. त्या दिवशी ती काचेवर हात ठेवून ढसाढसा रडली. परतताना चर्चमागच्या थडग्यापाशी थांबून तिनं रेम्टला बातमी सांगितली.

आणि आज हा माणूस रस्त्याच्या पलीकडून चालत होता.

पुढं लाकडी गोळा फेकण्याचा खेळ चालला होता. हाबोचा गोळा उसळला आणि थेट चरात गेला. सगळे काठ्या घेऊन त्याच्यामागे धावले. चिखलात गोळा शोधणं म्हणजे दहा मिनिटांची निश्चिंती. गेशेनं रस्ता ओलांडला.

"थांब," वियार्ड म्हणाला. "तिथंच थांब. जवळ येऊ नको."

"का? माझ्या घरी कुठे साप आहेत आता?"

"नाहीत. खरंच की. तू ये. फक्त नंतर त्यांच्या कोटांना हात लावू नको."

"वियार्ड, काय झालंय?"

"नर मेला."

"कधी?"

"सोमवारी. तोंडाशी फेस येत होता. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची. दुसऱ्या तपासणीचा निकाल त्याच्या मागनं आला. फुप्फुसाचा तो विषाणू. पहिल्या खेपेला सापडला नव्हता."

गेशेला सगळं कळत नव्हतं, पण एक गोष्ट कळली. "आणि ती?"

"तिचाही कापूस पाठवला. तिच्यातही आहे."

चराकडून आरडाओरडा आला. कुणाचा तरी बूट चिखलात अडकला होता आणि बाकीचे त्याला सल्ले देत होते.

"पण तू तर दोघांना वेगळं ठेवलं होतंस. तुझं ते घरचे आधी, पाहुणे शेवटी..."

"घरच्यांपासून वेगळं ठेवलं होतं." तो कालव्याच्या पाण्याकडे बघून बोलत होता. "थंडी नुकती पडायला लागली होती. नरानं खाणं सोडलं, सारखा तिच्या बाजूच्या काचेला डोकं लावून बसायचा. तीही फिरायला लागली, जी रेम्टच्या वेळी कधी हलली नाही. तिचं वय झालंय गेशे. पुढच्या हिवाळ्यात ती विणायच्या वयाची राहिली नसती. मी म्हटलं, दोघंही पाहुणेच. दोघंही त्याच खोलीत. बाहेरचा दरवाजा बंद, आतला दरवाजा बंद. मी कुठं काय उघडतोय?"

"मग?"

"मग काय. दोन बोटी एकाच कोठीत घेतल्या, आणि एकीच्या तळाला भोक आहे का ते बघितलं नाही. ती तुझ्या घरातनं चांगली आली होती. पाहुण्यापासून पाहुण्यालाही जपायचं असतं. हे मी पोरासोरांना शिकवतो."

गेशेच्या तोंडून इतका वेळ न आलेला राग आता आला. "थडग्यापाशी जाऊन सांगितलं मी त्याला! उभ्यानं सांगितलं, की होतंय बाबा तुझ्या मनासारखं. आता काय करू? पुन्हा जाऊन सांगू, की तुझ्या जिवलगानं घाई केली?"

"सांग," वियार्ड म्हणाला. "मीच सांगितलं असतं. चर्चच्या फाटकापर्यंत गेलो होतो."

तिला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. पण गोळा सापडला होता, चिखलानं माखलेली मंडळी वर आली होती, आणि हाबो ओरडत होता, "काय गं गेशे, आमच्या मास्तरांना पळवून नेतेस की काय? अर्धं वर्ष वेगळ्या खोलीत ठेव हो आधी!"

तिला हसता आलं नाही. पुढची वाट ती मनातल्या मनात प्रार्थना म्हणत चालली, पण शब्द सारखे सुटत होते. मागणार तरी काय? सापासाठी देवाकडे मागणं तिनं उभ्या जन्मात केलं नव्हतं.

फ्राउकेच्या खानावळीत ऊब होती, चरबीत शिजलेल्या भाजीचा वास होता, चष्म्यांवर वाफ धरत होती. सगळे दाटीवाटीनं बसले. वियार्ड दारालगतच्या बाकावर एकटा बसला, कोट अंगावर तसाच. फ्राउके ताट घेऊन गेली तर म्हणाला, "ठेव तिथं खाली, मी घेतो." ती म्हणाली, "का रे, माझं सॉसेज चावतंय?"

जेवणं झाली. आता भाजीचा राजा निवडायची वेळ. गेल्या साली हाबो राजा होता, त्यामुळे पुढचा राजा त्यानं ठरवायचा. डुकराच्या जबड्याचं हाड ओवलेली राजाची माळ गळ्यातून काढून तो खुर्चीवर चढला.

"मंडळी! यंदाचा राजा असा पाहिजे, की ज्याच्या राज्यात माशीसुद्धा परवान्याशिवाय शिरणार नाही!"

"वियार्ड! वियार्ड!" टेबलं बडवली जाऊ लागली.

हाबो खाली उतरला आणि माळ पुढे धरून दाराकडे निघाला. चिडवण्यासाठीच सगळं चाललं होतं, पण त्यात दोन वर्षांचं भांडण मिटवणंही होतं. गेशेला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि म्हणून तिला वियार्डकडे बघवेना.

"हाबो, तिथंच राहा," वियार्ड उभा राहून म्हणाला. "माळ मला घालू नको. घातलीस तर ती पुन्हा कुणी घरी नेऊ नये."

टेबलं बडवायची थांबली.

मग त्यानं सगळं सांगितलं. गेशेला सांगितलं तसंच, पण त्याहूनही कमी शब्दांत. नवा नर. दुसऱ्या तपासणीआधी जोडी लावली. नर मेला. रेम्टच्या मादीत रोग आहे. घरच्या सापांचे निकाल यायचेत. आणि जोडी लावली ती स्वतःच, कुणी भरीला घातलं नाही.

"नाताळानंतर तू कुणाकुणाकडे गेला होतास?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं.

"कुणाकडेच नाही. आजही यायचं नव्हतं. पण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. कपडे नवे आहेत, बूट नवे आहेत."

खोलीभर सुटकेचा निःश्वास ऐकू आला. कुणी मुद्दाम टाकला नव्हता, पण सगळ्यांनी एकदम टाकला. वियार्डनं मान खाली घातली.

हाबो माळ हातात धरून मधोमध उभा होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. आज त्याचा दिवस होता.

"मला तू दारातनं परत पाठवलं होतंस," तो म्हणाला. "माझी नातवंडं बरोबर होती. महिनाभर तुझ्या नावानं बोटं मोडली मी. आणि बरोबर होतास तू, हीच तर पंचाईत. गाढवा, असं का केलंस?"

"रेम्टला शब्द दिला होता."

हाबोनं एकदा गेशेकडे पाहिलं. मग वळून माळ खिडकीशेजारच्या खिळ्याला अडकवली. "यंदा राजा नाही," तो म्हणाला. "फ्राउके, सगळ्यांना एकेक ओत. त्याचा पेला दाराशी नेऊन ठेव, आणि मग उकळत्या पाण्यात टाक."

कुणी हसलं नाही. पण दाराशी पेला गेला, आणि सगळ्यांनी एकदम उचलला तेव्हा वियार्डनंही उचलला.

परतीला बाकीचे फ्राउकेच्या गाडीतून जाणार होते. वियार्ड पायीच निघाला. गेशे कोट घालून त्याच्यामागे बाहेर पडली. त्यानं मागे वळून पाहिलं नाही, पण चाल हळू केली.

उजेड मावळायला आला होता. कालव्याच्या कडेला बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता आणि त्यावर दोन बदकं उगाच घसरत होती.

"तिला त्रास होतोय?" गेशेनं विचारलं.

"अजून नाही. श्वास स्वच्छ आहे. फांदीवर बसून बघत असते, कोण उशिरा आलं ते. जनावरांचे डॉक्टर म्हणतात, हा रोग जात नाही. शिट्टी वाजायला लागली की तिला वाट बघायला लावायची नाही, सुई देऊन निजवायचं. मी कबूल झालोय."

"आणि अंडी?"

"अंड्यांआधीची शेवटची कात टाकली तिनं. म्हणजे थोडेच दिवस." तो चालता चालता थांबला. "अंड्यातून तो पुढं जातो की नाही, डॉक्टरांनाही छातीठोक सांगता येत नाही. म्हणतात, घातल्या घातल्या तिच्या वेटोळ्यातून काढली आणि स्वच्छ घरात ठेवली, तर जगतीलही. सगळी नाही. काही. माझं घर आता स्वच्छ नाही. मंडळातल्या कुणाचं मागायला तोंड नाही मला, आणि मागितलं तरी त्यांच्याकडे त्यांचे साप आहेत, त्यांनी देऊही नये."

गेशेनं हातमोजे घट्ट ओढले. पुढं काय येणार ते तिला कळलं होतं. तळघराची ती घासून धुतलेली जमीन तिच्या डोळ्यांपुढे आली. देवाला सांगितलेलं वाक्यही आठवलं. आणि खिडकीपाशी उभं राहून ऐकलेलं रेम्टचं वाक्य.

"रेम्टनं केलेली ती पेटी," वियार्ड म्हणाला, "टाकून दिलीस का गं?"

"आहे. तिच्यात मुरंबा आहे."

त्यानं मान हलवली. त्याच्या घरी जायचं फाटक समोर होतं. तो आत गेला, ते नीट लावून घेतलं, आणि पलीकडे उभं राहून दोन्ही हात कठड्यावर ठेवले. खानावळीतलं जेवण सोडलं तर सकाळपासून पहिल्यांदाच त्याचे हात खिशाबाहेर होते.

"डॉक्टरांच्या हाताखालची बाई हातमोजे घालून अंडी तुझ्या दारात आणून देईल. मी येणार नाही. तुझ्या कुंपणाच्या आत पाऊल टाकणार नाही. रस्त्यावर उभा राहीन आणि तिथनं सांगत जाईन, ऊब किती, पाणी किती, कधी हात लावायचा, कधी नाही. तुला साप नकोत हे मला ठाऊक आहे. तरी विचारतोय गेशे. त्या बरण्या तेवढ्या बाहेर काढशील?"